वन्यजीव बघताना: जनावर बुजण्याआधी थांबायचं कुठे?

माळटिटवी

अभयारण्याच्या दारावरच्या पाट्या आपण सगळ्यांनी वाचलेल्या आहेत. आवाज करू नका, खायला घालू नका, वाट सोडू नका. सगळं बरोबरच आहे. पण किती अंतरावर थांबायचं, समोरच्या जनावराची कुठली हालचाल दिसली की मागे फिरायचं, हे पाटीवर मावत नाही. ते इथे एकत्र करावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर दुरुस्त करावं.

आधी एक गैरसमज काढू. "पळालं नाही, म्हणजे त्याला आपला त्रास नाही." पळणं ही अगदी शेवटची पायरी आहे. त्याआधी बरंच काही घडून गेलेलं असतं. चरणारं हरीण घ्या. पहिल्यांदा तोंड चालायचं थांबतं. मग मान वर येते, दोन्ही कान आपल्याकडे वळतात. त्यानंतर ते मान खाली घालतं आणि आपल्याला वाटतं, निवळलं. पण नीट बघा, गवत तोडतंय का? बऱ्याचदा नुसती मान खाली जाते आणि झटक्यात परत वर येते, कारण समोरचा हलतोय का हे त्याला बघायचं असतं. पुढचा पाय आपटणं, शेपूट उभारणं, पांगलेला कळप एकमेकांजवळ सरकणं या त्यानंतरच्या खुणा. थांबायची जागा पहिल्या खुणेपाशी आहे, पाय आपटेपर्यंत वाट बघायची नाही.

पक्ष्यांत मान ताठ होते, पिसं अंगाशी घट्ट मिटली जातात, टिपणं थांबतं. बसलेला शिकारी पक्षी शीट टाकून पुढे झुकला, की तो उडायच्या बेतात असतो.

न पळणारं जनावर निर्धास्तच असतं असं नाही. टर्नस्टोन या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांवर झालेला प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना जादा खाद्य दिलं होतं ते माणूस लांब असतानाच उडाले आणि ज्यांना दिलं नव्हतं त्यांनी माणसाला जास्त जवळ येऊ दिलं. पोट भरलेल्याला उडणं परवडतं, उपाशी पक्षी धोका पत्करून टिपत राहतो. म्हणजे जो आपल्याला "धीट" वाटतो, तोच कदाचित सगळ्यात अडचणीत असतो.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या काळ्या अस्वलांच्या अंगात हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणं बसवून वरून ड्रोन उडवले होते. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. बहुतेक वेळा अस्वलं जागची हललीसुद्धा नाहीत, पण ठोके मात्र वाढले. एका अस्वलाचे तर मिनिटाला १२० हून जास्त ठोके वाढले. बघणाऱ्याला मात्र "शांत बसलेलं अस्वल" दिसलं असतं.

पाणकणीस

चांगली सुरुवात. अंतराबद्दल लिहितो.

काही ठिकाणी नियमातच आकडे आहेत. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात अस्वल, लांडगा आणि कूगर (डोंगरी सिंह) यांच्यापासून १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर, आणि बायसन-एल्क हरणांसारख्या बाकीच्या प्राण्यांपासून २५ यार्ड, म्हणजे २३ मीटर. पहाडी गोरिलांसाठी पूर्वी ७ मीटर होतं, आता १० मीटर धरतात. एका कुटुंबाकडे दिवसात जास्तीत जास्त ८ पाहुणे आणि फक्त १ तास. गोरिलांच्या बाबतीत हल्ल्याची भीती हे मुख्य कारण नाही. आपली सर्दी त्यांना होते आणि त्यांच्यात ती जीवघेणी ठरू शकते. म्हणून मास्क, आणि खोकला असेल तर जायचंच नाही.

पण आकडा ही किमान मर्यादा झाली. २३ मीटरवर जनावर मान वर करून बघत असेल, तर त्या दिवशी, त्या जनावरासाठी २३ मीटर कमी आहेत.

अंगठ्याची युक्ती बरेच जण सांगतात: हात सरळ ताणून अंगठा समोर धरायचा, एक डोळा मिटायचा, जनावर अंगठ्यामागे पूर्ण झाकलं गेलं तर अंतर पुरेसं. यातलं गणित समजून घ्या. अंगठा साधारण २ सेंटिमीटर रुंद आणि डोळ्यापासून साधारण ६२ सेंटिमीटरवर, म्हणजे प्रमाण १ ला ३१. तीन मीटर लांबीचा गवा झाकला जातो ९३ मीटरवर. दीड मीटरचं हरीण साधारण ४६ मीटरवर. पण ४० सेंटिमीटरचा ससा किंवा बदक झाकलं जायला १२ मीटर पुरतात, आणि बुजरं बदक त्याच्या किती तरी आधी उडून जातं. म्हणून मोठ्या सस्तन प्राण्यांसाठी ही युक्ती ठीक, पक्ष्यांसाठी तिच्यावर विसंबू नका.

पायी जवळ जायचंच असेल (आणि तिथे परवानगी असेल) तर:

सरळ रेषेत चालत जाऊ नका. जनावराच्या बाजूने निघून जातोय असं वाटेल अशी तिरपी दिशा धरा. आठ-दहा पावलं झाली की पूर्ण दोन मिनिटं थांबा, आणि थांबल्यावर दुर्बिणीतून बघा की ते पुन्हा खरोखर खायला लागलंय का. लागलं असेल तरच पुढची आठ पावलं. नसेल तर दोन-तीन पावलं मागे. एकटक रोखून बघत पुढे सरकणं ही शिकाऱ्याची रीत आहे, ती त्यांना चांगली कळते. आणि वाकून, रांगत, लपतछपत गेलं तर कमी बुजतात असं समजू नका. उघड्यावर दिसणारा, संथ, ठरावीक गतीचा माणूस पुष्कळदा सहन होतो. अर्धवट दिसणारी आकृती जास्त घाबरवते.

शेकरू

गाडीतून बघण्याचं काय? गाडीला जनावरं घाबरत नाहीत, असंच सगळे म्हणतात.

माळटिटवी

@शेकरू, गाडीची ओळखीची आकृती सहन करतात. ती आकृती मोडली की संपलं. छतातून उभं राहणं, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येणं, दार उघडणं, यातलं काहीही केलं की त्या ठोकळ्याला अचानक माणूस फुटतो.

दुसरं, इंजिन. थांबल्यावर बंद करा हे बरोबर, पण थांबल्या थांबल्या निघायचं असेल तर बंद-चालू करण्यापेक्षा मंद चालू राहिलेलं बरं. पुन्हा सुरू करतानाचा आवाज हा धक्का असतो. निघायच्या आधी जनावर कुठे आहे, त्याचं तोंड कुठे आहे ते बघा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: वाट अडवू नका. रस्ता ओलांडायच्या बेतात असलेल्या जनावराच्या पुढे जाऊन गाडी लावायची, म्हणजे ते "समोरून येईल", हा प्रकार फार दिसतो. मागे एक गाडी, पुढे एक गाडी, बाजूला चर. मादी अलीकडे आणि पिल्लं पलीकडे, अशी ताटातूट इथेच होते. जनावर रस्त्याच्या दिशेने येताना दिसलं तर आहे तिथेच थांबा आणि पुढचा निदान ५० मीटर पट्टा मोकळा राहू द्या. आधीच गर्दी असेल तर त्या गर्दीत आणखी एक गाडी घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रानपिंगळा

आवाजाचा मुद्दा राहिलाय, आणि तो अंतराइतकाच मोठा आहे.

२०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर परिसरातल्या पाणवठ्यांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. लपवलेल्या भोंग्यांतून वेगवेगळे आवाज ऐकवले: माणसांचं साधं बोलणं, सिंहांचा गुरगुराट, कुत्र्यांचं भुंकणं, बंदुकीचे बार. माणसाच्या नुसत्या बोलण्याने प्राणी पळण्याची शक्यता सिंहाच्या आवाजाच्या दुप्पट होती, आणि पाणवठा सोडून ते सुमारे ४० टक्के लवकर गेले. ओरडणं नव्हे, साधं बोलणं. तहानलेलं जनावर आपल्या गप्पांमुळे पाणी सोडून जातं.

बोलावं लागलंच तर कुजबुजू नका. कुजबुजीत "स", "श", "च" यांचा फुसकारा जास्त असतो आणि तो तीक्ष्ण असल्यामुळे कानावर चटकन येतो. खालच्या पट्टीत, सपाट स्वरात, दोन शब्द बोला. त्याहून बरं म्हणजे हाताच्या खुणा निघण्याआधी ठरवा: "थांब", "डावीकडे", "मागे फिर", एवढ्या तीन पुरतात.

सामानाचा आवाज लोक विसरतात. पिशवीचा वेल्क्रो हा सगळ्यात वाईट, तो आधीच उघडून ठेवा. चेन अर्धी उघडी ठेवा. चालताना घासणारं नायलॉनचं जाकीट नको, सुती किंवा लोकरी चालेल. धातूच्या बाटलीला मोजा चढवा. किल्ल्या रुमालात. कॅमेऱ्याचा बीप बंद, इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर ते चालू (फक्त वेगाने उडणाऱ्या पक्ष्याचे पंख त्यात वाकडे येऊ शकतात), आणि फोकससाठी लागणारा मदतीचा छोटा दिवा आठवणीने बंद. हा दिवा मूळ सेटिंगमध्ये चालू असतो आणि अंधारात सरळ जनावराच्या डोळ्यांत जातो.

रात्रीच्या प्रकाशाबद्दल: अंधाराला सरावायला आपल्या डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात, आणि एका झगझगीत झोताने ते सगळं पुसलं जातं. घुबड किंवा रातवा अशाच अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर शिकार करतो आणि त्याच डोळ्यांनी फांदी चुकवतो. म्हणून फ्लॅश नको. टॉर्च लागलीच तर मंद, लाल, आणि झोत जनावरावर न रोखता बाजूला जमिनीवर. नुसती कड उजळली तरी दुर्बिणीतून दिसतं.

कवडी

@रानपिंगळा, लाल प्रकाशाबद्दल एक दुरुस्ती. लाल टॉर्च हा सरसकट उपाय नाही. हरणं, मांजरकुळातले प्राणी, कुत्री यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, त्यामुळे लाल त्यांना मंद दिसतो. पक्ष्यांचं तसं नाही. बहुतेक दिवाचर पक्ष्यांना चार प्रकारच्या पेशी असतात, लाल व्यवस्थित दिसतो आणि वर अतिनीलही दिसतो. झाडावर झोपलेल्या थव्यावर लाल झोत टाकला म्हणजे त्यांना कळणार नाही, असं मुळीच नाही.

कपड्यांनाही हेच लागू. हरणांसाठी नारिंगी कपडा जवळजवळ मातकट दिसतो, पण निळा उठून दिसतो. म्हणजे जीन्स ही चुकीची निवड. पक्ष्यांसाठी मात्र नारिंगी-लाल भडक. दोघांना चालेल असा मळकट हिरवा, तपकिरी, करडा. पांढरा कोणासाठीच नको. आणि "जास्त शुभ्र" करणाऱ्या साबणपावडरीत जी चमक आणणारी द्रव्यं असतात ती अतिनील प्रकाश शोषून निळसर उजळतात. संधिप्रकाशात हरणाच्या डोळ्यांना हे जाणवतं. रानात घालायचे कपडे साध्या साबणाने धुवावेत.

पण रंगापेक्षा हालचाल शंभरपट महत्त्वाची. झाडाच्या खोडाला टेकून स्थिर बसलेला लाल शर्ट हा झुडपाआडून सारखा डोकावणाऱ्या हिरव्या शर्टापेक्षा कमी बुजवतो. चेहरा आणि हात हे सगळ्यात जास्त हलणारे आणि चमकणारे भाग आहेत, टोपी आणि पातळ हातमोजे म्हणून उपयोगी.

पाणकणीस

वाऱ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. सस्तन प्राण्यांसाठी सगळं नीट केलं आणि वारा पाठीवर असला तर काहीही उपयोग नाही. वारा तोंडावर घ्यायचा, निदान गालावर. ओलं बोट चालतं, पण मंद झुळूक त्यात कळत नाही. छोट्या दाबायच्या बाटलीत चाळलेली राख किंवा पावडर ठेवा, चिमूटभर फवारा उडवा आणि कुठे तरंगत जातो ते दहा सेकंद बघा.

डोंगरउतारावर वारा वेळेप्रमाणे उलटतो. ऊन चढलं की तापलेली हवा उताराने वर सरकते, त्यामुळे सकाळी उशिरा आणि दुपारी जनावराच्या वरच्या अंगाला बसावं. सूर्य कलला की गार हवा खाली उतरायला लागते, तेव्हा खालच्या अंगाला. मधल्या तासाभरात वारा भरकटतो, त्या वेळी जागा न बदलता बसून राहावं.

अत्तर, वासाचं तेल, सिगारेट नको हे सांगायला नकोच. डास पळवणाऱ्या मलमाबद्दल मात्र सांगतो: डीट हे रसायन असलेलं मलम लावलेल्या हातांनी बेडूक, सुरवंट, कशालाही हात लावू नका. बेडकाच्या त्वचेतून ते आत जातं. दुर्बिणीच्या रबरालाही ते खराब करतं, म्हणून हाताच्या पाठीने लावा आणि तळवे पुसा.

माळटिटवी

घरट्यांवर वेगळं लिहायला हवं, कारण नुकसान तिथे सगळ्यात जास्त होतं आणि ते आपल्याला दिसत नाही. आपण निघून गेल्यावर होतं.

घरटं कुठे आहे हे माहीत नसतानाही ते जवळ आहे हे ओळखता येतं. टिटवी डोक्यावरून ओरडत झेपा घेते. छोटे चिखले पंख मोडल्यासारखा फरफटत आपल्याला लांब न्यायला बघतात. पक्षी चोचीत अळी धरून एकाच फांदीवर थांबलाय आणि आत जात नाही. यातलं काही दिसलं की आपण घरट्याच्या जवळ, अगदी पायाखालीसुद्धा असू शकतो. जागीच थांबा, पायाखाली बघा, आलात त्याच पावलांनी मागे जा. शोधत बसू नका.

कारणं समजली की हे पटतं. पहिलं, ऊन. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी दुपारी अंडी उबवत नसतात, सावली धरत असतात. अंड्यातला जीव साधारण ३७-३८ अंश सेल्सिअसला वाढतो आणि चाळिशीच्या वर काही अंश गेलं की मरायला लागतो. तापलेल्या रेतीवर आईबाप उठले, तर तिथपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. दुसरं, पायवाट. दाबलेलं गवत घरट्यापाशी जाऊन संपत असेल तर मुंगूस, कोल्हा, कावळा यांना आपण बाणच काढून दिला. नकळत घरट्यापाशी पोचलातच आणि पुढे मोकळी वाट असेल, तर न थबकता तसेच पुढे निघून जा, माग तिथे संपता कामा नये. तिसरं, उडायला आलेली पिल्लं. घरट्यावर माणूस वाकला की ती वेळेआधीच बाहेर उड्या टाकतात, आणि परत ठेवली तरी राहत नाहीत.

माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लू टाकून देतात, हे मात्र खरं नाही. जमिनीवर पडलेलं, पिसं न फुटलेलं पिल्लू घरट्यात परत ठेवता येत असेल तर ठेवावं. पिसं फुटलेलं, फुदकणारं पिल्लू बहुधा उडायला शिकतंय, ते उचलू नका. आईबाप जवळपासच असतात आणि आपण हलण्याची वाट बघत असतात.

शेकरू

आणि मोबाइलवर पक्ष्याची हाक वाजवून बोलावणं? बरेच वाटाडे करतात.

कवडी

करू नये. विणीच्या हंगामात तर अजिबात नाही. आपल्याला ते गाणं वाटतं, नराला मात्र आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं कळतं. तो खाणं, पिल्लं भरवणं, राखण, सगळं टाकून न दिसणाऱ्या शत्रूला शोधत उघड्यावर येतो. एका गटाने एकदा केलं तर कदाचित निभावेल. पण रोज चार गट त्याच झुडपापाशी तीच हाक वाजवतात, तेव्हा त्याचा दिवसच आपण खातो.

हेच सगळ्या गोष्टींना लागू आहे. थवा "एकदाच" उडवला असं प्रत्येक जण म्हणतो. स्थलांतराच्या मधल्या थांब्यावर पक्षी चरबी साठवायला उतरलेला असतो. दहा जणांनी एकेकदा उडवला तर तो दहादा उडाला.

रानपिंगळा

याला जोडून: २०१८ मध्ये ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांवरच्या अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला गेला. माणसांचा वावर असलेल्या जागी प्राण्यांची रात्रीची हालचाल सरासरी १.३६ पट निघाली. त्यात शिकार, शेती यांच्याबरोबर नुसतं फिरायला येणारे लोकही होते. आपण दिवस घेतला, ते रात्रीकडे सरकले.

पाणकणीस

लपणाबद्दल (आत बसून जनावर बघायचा आडोसा) थोडं, कारण नीट वापरलं तर त्याच्याइतकं चांगलं साधन नाही.

उजाडण्याआधी आत जा आणि जनावर समोर असेपर्यंत बाहेर पडू नका. पाणी पिताना मागे दार उघडलं की पुढचे कित्येक दिवस ते त्या काठाला येत नाही. आत गडद कपडे घाला आणि मागची खिडकी बंद ठेवा. ती उघडी असली की आपली आकृती उजेडावर काळी उमटते, आणि मग लपणाचा उपयोगच राहत नाही. लेन्स बाहेर काढायची असेल तर सुरुवातीलाच काढून ठेवा. वळवताना घड्याळाच्या मिनिटकाट्याचा वेग. हात खिडकीबाहेर कधीच नाही.

पक्ष्याने आपल्याला आत शिरताना पाहिलं असेल, तर दोघांनी मिळून जायचं आणि एकाने बाहेर पडून दिसेल असं लांब निघून जायचं. बऱ्याच जाती "गेला" असं समजून दहा-पंधरा मिनिटांत परत येतात. कापडी लपण उभारायचं असेल तर ते लांब उभारून दिवसागणिक थोडं थोडं पुढे सरकवावं, घट्ट ताणावं. फडफडणारं कापड सगळ्यांना पळवतं.

शेकरू

दुर्बीण कुठली घ्यावी, एवढं सांगा.

पाणकणीस

८×४२. आठपट म्हणजे ८० मीटरवरचं जनावर १० मीटरवर असल्यासारखं दिसतं, मग जवळ जायचं कारणच उरत नाही. ४२ म्हणजे पुढच्या लेन्सचा मिलिमीटरमधला व्यास, त्याला ८ ने भागलं की ५.२५ मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, संधिप्रकाशात तो कामी येतो. १०×४२ मध्ये तो ४.२ होतो आणि हाताचा कंपही जास्त दिसतो. चष्मा असेल तर डोळ्यापासूनचं अंतर निदान १६ मिलिमीटर चालेल अशी घ्या आणि कप खाली दुमडा.

जुळवणी: दोन्ही नळ्या डोळ्यांच्या अंतराला आणा. उजवी लेन्स हाताने झाका, मधल्या चक्राने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावी झाका आणि मधल्या चक्राला हात न लावता उजव्या डोळ्यापाशी असलेली कडी फिरवा (काही दुर्बिणींत ती मधल्या चक्रातच असते). त्या कडीचा आकडा लक्षात ठेवा. दुर्बीण खराब आहे अशा तक्रारींत बऱ्याचदा हेच राहिलेलं असतं.

कवडी

शेवटी फोटो टाकण्याबद्दल, कारण तिथेही जनावर बुजतं, फक्त दुसऱ्या दिवशी.

मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश बसतात. रानात शिरण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं "लोकेशन" बंद करा. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर ही माहिती पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते. निसर्गनोंदींसाठीच्या संकेतस्थळांपैकी आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या जातींची नोंद आपोआप ०.२ अंशांच्या चौकोनात धूसर होते आणि पक्ष्यांच्या नोंदींच्या ईबर्डवर संवेदनशील जाती ४०० चौरस किलोमीटरच्या चौकोनापर्यंतच दिसतात. पण ते त्या यादीतल्या जातींसाठी. घुबडाची ढोली किंवा सापाचं बीळ साध्या जातीचं असलं, तरी नोंद स्वतः धूसर करावी लागते, त्यासाठी नोंद भरताना वेगळा पर्याय असतो.

आणि पार्श्वभूमी बघा. पाटी, मंदिराचा कळस, ओळखू येणारा सुळका, वाकडं झाड फोटोत असेल तर अक्षांश-रेखांश काढून काही साधत नाही. घरट्याचा फोटो टाकायचाच असेल तर पिल्लं उडून गेल्यावर टाका, आणि खाली कोणी "कुठे?" विचारलं तर जिल्ह्याच्या पुढे जाऊ नका.